रिकाम्या जिन्याचा आवाज

सात मजल्यांच्या त्या इमारतीत तिला सगळे 'आवाजवाली' म्हणत. ती सिनेमांना आवाज लावायची. पडद्यावर दार आपटलं की आपटणं हिचं, पाऊल वाजलं की पाऊल हिचं. धाकटा भाऊ कौतुकानं सांगायचा, "आमची ताई कानांत तेल घालून ऐकते!" त्यावर ती डोक्याला हात लावायची. "अरे गाढवा, कानात तेल घालून बसतात ते ऐकायचं नसतं म्हणून!"

हा भाऊ इलेक्ट्रिशियन. देह ढोलासारखा, म्हणून घरीदारी 'ढोल्या'. ताईला जड सामान हलवायचं असलं की तो आपली कामं बाजूला ठेवून यायचा.

या वेळचा प्रसंग असा होता: एक माणूस बायकोला फरफटत तीन मजले खाली आणतो. किंकाळ्या नटीनं स्टुडिओत देऊन ठेवल्या होत्या. पण स्टुडिओच्या भिंती गाद्यांनी मढवलेल्या. तिथला आवाज म्हणजे उशीत तोंड खुपसून केलेलं भांडण. भिंत नाही, पायरी नाही. यंत्रातून खोटा घुमारा चढवता येतो, पण तिला तो डबाबंद वाटायचा. तिची रीत वेगळी. खऱ्या जागी मोठा स्पीकर न्यायचा, आवाज तिथे वाजवायचा आणि ती जागा त्याचं काय करते ते लांबून माइकवर घ्यायचं. असं तिनं रिकाम्या पोहण्याच्या तलावात केलं होतं, बंद पडलेल्या गिरणीच्या धुराड्यात केलं होतं. या प्रसंगाला तिनं स्वतःच्याच इमारतीचा जिना निवडला. अकरा वर्षं ती तो चढत-उतरत होती. मधोमध तळापासून माथ्यापर्यंत चौकोनी पोकळी, दगडी पायऱ्या, आणि कुणी मोठ्यानं शिंकलं तरी गुणगुणणारा लोखंडी कठडा.

आदल्या दिवशी तिनं खाली नोटीस लावली. 'उद्या दुपारी दोन ते चार जिन्यात सिनेमासाठी बाईच्या किंचाळण्याचे आवाज वाजवले जातील. कृपया घाबरू नये. पोलिसांना फोन करू नये.' खाली सेक्रेटरीकाकांची सही. शेवटचं वाक्य तिचं स्वतःचं होतं. धुराड्याच्या वेळी दोनदा पोलीस आले होते आणि अख्खा दिवस वाया गेला होता.

दुसऱ्या दिवशी दीडला लिफ्ट बंद ठेवली, कारण तिची मोटर घरघरायची. मग स्पीकर जिन्यानं चढवणं आलं. ढोल्या घामाघूम झालेला पाहून चौथ्या मजल्यावरचा विमेवाला खाली आला आणि त्यानं दुसरी बाजू धरली. विमा कंपनीत अधिकारी, बोलणं लोण्यासारखं.

"आज रजा का साहेब?" तिनं विचारलं.

"घेतली एक. दोन म्हणजे दोनलाच ना ताई? की सिनेमावाल्यांचे दोन?"

"दोनलाच. पण आवाज बराच मोठा असेल हं. दारं लावून घ्या."

"लावतो की," तो हसून म्हणाला आणि हात झटकत वर गेला.

त्याची बायको घरी शिवणकाम करायची. चेन बदलून दे, पँट आखूड कर, असली कामं. उन्हाळ्यातही तिच्या बाह्या मनगटापर्यंत असायच्या. एकदा आवाजवालीनं तिच्या बोटाला पट्टी पाहिली होती. "मशीनची सुई गेली," वहिनी म्हणाल्या होत्या. सुईनं बोट आडवं मोडत नाही, हे तिच्या तेव्हाच मनात आलं होतं. पण वेळ नव्हता, आणि तिनं ते कानामागे टाकलं.

स्पीकर दुसऱ्या मजल्यावर, त्याच्यापाशी ढोल्या. एक माइक सहाव्या मजल्याच्या कठड्याला टांगलेला, दुसरा तळाशी तिच्याजवळ. कानांवर हेडफोन चढवून ती शेवटच्या पायरीवर बसली. बरोबर दोनला तिनं वॉकीटॉकीवर सांगितलं, "सोड."

पहिली किंकाळी सुटली आणि तिच्याच अंगावर काटा आला. जिन्यानं ती गिळली, फिरवली, वरून खाली ओतली. कठडा थरथरला. नटीचं रडणं, गयावया, पायरीवर डोकं आपटल्याचा ठोका, सगळ्याला आता भिंती होत्या. "आहाहा," ती स्वतःशी म्हणाली. एकही दार उघडलं नाही. तिला बरं वाटलं. नोटिशीचं काम झालं होतं.

सात वेळा वाजवून झालं. प्रत्येक जागेची स्वतःची शांतता असते आणि तीही लागते. म्हणून ती म्हणाली, "ढोल्या, आता बंद. दोन मिनिटं रिकामा जिना घेते. हूं की चूं करू नकोस."

वीस सेकंद गेले. मग हेडफोनमध्ये धप्प असा ठोका आला आणि मागोमाग किंकाळी.

"बंद कर म्हटलं ना!" ती खेकसली.

"ताई, बंदच आहे," ढोल्याचा आवाज आला. "वायर काढून हातात धरलीय मी."

पुन्हा किंकाळी आली. या वेळी तिनं नीट ऐकली. धार बोथट झालेली, म्हणजे बंद दारामागून आलेली. तळच्या माइकवर पुसट, सहाव्या मजल्याच्या माइकवर ठळक. म्हणजे स्पीकरच्या वरून. आणि ही किंकाळी पूर्ण होत नव्हती. मध्येच तुटत होती, जशी तोंडावर फटका बसल्यावर तुटते.

हेडफोन भिरकावून ती धावली. दुसऱ्या मजल्यावर ढोल्या वायर धरून उभा होता. "तू इथेच थांब, हाक मारली की ये," असं धापा टाकत सांगून ती पुढे गेली. तिसऱ्या मजल्यावरच्या दारांना कान लावला. टीव्ही. घोरणं. चौथ्या मजल्यावर विमेवाल्याच्या दारामागे कुणीतरी जमिनीवरून नखं ओढत सरकत होतं.

तिनं बेल दाबून धरली.

दार वीतभर उघडलं. विमेवाल्याच्या बाह्या दुमडलेल्या होत्या, केस कपाळाला चिकटलेले. "संपलं का ताई?" तो गोड आवाजात म्हणाला. पण श्वास धावून आलेल्या माणसाचा होता, आणि कानाच्या पाळीवर रक्ताचा थेंब होता. तो त्याचा नव्हता.

"वहिनी कुठे आहेत?"

"झोपल्यात. डोकं दुखतंय. तुमच्या या आरडाओरड्यानं..."

तिनं फटीत पाय घातला. त्यानं दार सगळ्या ताकदीनिशी लोटलं. घोट्यातलं हाड कडकन वाजलं, आणि तो आवाज कसला ते तिला दुखण्याच्या आधी कळलं. "ढोल्या!" ती किंचाळली. "चौथा! चौथा मजला!" तेवढ्यात त्यानं तिला केसांना धरून आत ओढलं.

त्याच्या दुसऱ्या हातात इस्त्री होती, वायर मुठीभोवती गुंडाळलेली. ती त्यानं तिच्या डाव्या कानशिलावर हाणली. कानात आधी स्फोट झाला, मग एक बारीक शिट्टी, मग काहीच नाही. ती आडवी पडली. फरशी निसरडी होती. पलंग आणि भिंत यांच्या मध्ये वहिनी होत्या. चेहरा ओळखू येत नव्हता. जबडा एका बाजूला लोंबत होता, एक डोळा मिटून काळा झाला होता, बाही जळून कातडीला चिकटली होती. खोलीभर जळक्या कापडाचा आणि मांसाचा वास होता.

"सिनेमा काढते काय?" विमेवाला म्हणाला. आवाज अजूनही शांतच होता. त्यानं इस्त्री पुन्हा उचलली. आवाजवालीच्या तोंडासमोर त्याची पोटरी होती. तिनं ती दातांत धरली आणि जीव खाऊन चावली. तो ओरडला, तिच्या पाठीत एक घाव बसला, तरी तिनं सोडलं नाही. दुसरा घाव खाली येत असतानाच वहिनी पलंगाआडून कोपरांवर सरपटत आल्या. त्यांच्या हातात कापड बेतायची मोठी कात्री होती. ती त्यांनी दोन्ही हातांनी त्याच्या पावलात खुपसली, काढली आणि परत खुपसली.

ढोल्या आत आला तेव्हा विमेवाला गुडघ्यावर आलाच होता. ढोल्यानं ताईच्या कानातून गळणारं रक्त पाहिलं आणि त्याचं भान सुटलं. त्यानं विमेवाल्याला उचलून भिंतीवर आपटलं. आरसा फुटला. मग छातीवर बसून बुक्क्या, एकामागून एक. नाक गेलं, दात गेले. तो माणूस हालायचा थांबला तरी ढोल्याचे हात चालूच होते.

"पुरे! मरेल तो!" ती ओरडत होती. ढोल्याला ऐकू जात नव्हतं. शेवटी तिनं मोडक्या पायानं सरपटत जाऊन मागून त्याच्या गळ्याला मिठी मारली. "ढोल्या, माझ्यासाठी. पुरे." तेव्हा कुठे तो थांबला आणि स्वतःच्या हातांकडे बघून लहान मुलासारखा रडायला लागला.

तिनं रांगत बाहेर येऊन शेजारचं दार बडवलं. तिथे एक निवृत्त नर्सबाई राहायच्या. साखळी न काढता त्यांनी दार किलकिलं केलं. "चारला संपणार होतं ना तुमचं?"

"फोन करा! पोलिसांना, ॲम्ब्युलन्सला!"

"अहो, पण नोटिशीतच लिहिलंय, फोन करू नका म्हणून."

"खरं आहे हे!" ती म्हणाली आणि रक्तानं भरलेला हात त्यांच्यापुढे धरला. मग मात्र साखळी निघाली. नर्सबाईंनी वहिनींचं डोकं मांडीवर घेतलं आणि मान एका कुशीला वळवून, तोंडातलं रक्त काढून श्वास मोकळा केला. ॲम्ब्युलन्स येईपर्यंत त्या तशाच बसून होत्या. डॉक्टर नंतर म्हणाले, पाच मिनिटं उशीर झाला असता तर वहिनी स्वतःच्याच रक्तानं गुदमरल्या असत्या.

विमेवाला शुद्धीवर आला तोच उलट्या बोंबा मारत. बायको जिन्यावरून पडली, इस्त्री तिच्याच हातून अंगावर पडली, हे दोघं घरात घुसले आणि मारहाण केली. वहिनींचा जबडा तारांनी बांधलेला, बोलणं शक्य नव्हतं. इन्स्पेक्टर आवाजवालीला म्हणाला, "तुमच्या रेकॉर्डिंगमध्ये किंकाळ्या आहेत, पण त्या तर तुम्हीच वाजवत होता. त्यातली खरी कुठली, हे आम्ही कसं ओळखायचं?"

तिच्या डाव्या कानाचा पडदा फाटला होता आणि आतलं हाडही गेलं होतं. तो कान परत येणार नव्हता. पायाला प्लॅस्टर. घरी येऊन तिनं उजव्या कानानं सगळं पहिल्यापासून ऐकलं. नटीचं स्टुडिओतलं मूळ रेकॉर्डिंग तिच्याकडे वेगळं होतं, म्हणून नटीचं काय आणि बाकीचं काय ते तिला वेगळं काढता येत होतं. आणि बाकीचं तिसऱ्या वेळेपासूनच होतं. ती पायरीवर बसून "आहाहा" म्हणत होती, तेव्हा सहाव्या मजल्याच्या माइकवर, नटीच्या किंकाळीखाली, दुसरी एक बाई ओरडत होती. पाचव्या वेळी नटी श्वास घ्यायला थांबते, त्या फटीत एक पुरुषाचा आवाज आला, लोण्यासारखा. "ओरड. आणखी ओरड. आज तुला मोकळीक आहे."

तिनं हेडफोन काढले. मग तोंड धुऊन पुन्हा बसली. दोन दिवसांत तिनं प्रत्येक ठोक्याची वेळ लिहून काढली आणि ते सगळं इन्स्पेक्टरपुढे ठेवलं. त्यानं ते वाक्य तीनदा ऐकलं. चौथ्यांदा तो म्हणाला, "बंद करा."

दिग्दर्शकाचाही फोन आला. तब्येत विचारली, हळहळला आणि मग घसा खाकरून म्हणाला, "जिन्यातलं ते... आहे ना तुझ्याकडे? म्हणजे नटीचंच, बाकीचं नको." तिनं फोन ठेवला.

महिन्याभरानं इमारतीची बैठक झाली. सेक्रेटरीकाकांनी ठराव आणला की यापुढे जिन्यात सिनेमाची कामं नकोत. "तुमच्या नोटिशीमुळे आम्ही फसलो हो," कुणीतरी म्हणालं. आवाजवालीनं मान खाली घातली. हे तिनं स्वतःला रोज सुनावलं होतं.

तेव्हा नर्सबाई उभ्या राहिल्या. "नोटीस दोन तासांची होती," त्या म्हणाल्या. "मी सहा वर्षं ऐकत होते. माझी भिंत त्यांच्या भिंतीला लागून आहे. तेव्हा कुठली नोटीस होती?" ठराव मंजूर झाला आणि चहा न घेताच लोक उठले.

खटला उभा राहिला तेव्हा वहिनी बोलू लागल्या होत्या, जरा बोबडं. एका डोळ्याची नजर गेली होती. त्यांनी साक्ष दिली, सगळं सांगितलं, सहा वर्षांचं. त्यानं नोटीस वाचून आदल्या रात्री जेवताना काय म्हटलं होतं, तेही. मग रेकॉर्डिंग वाजवायची वेळ आली तेव्हा त्या न्यायाधीशांना म्हणाल्या, "मी बाहेर बसू का?"

आवाजवाली त्यांच्याबरोबर बाहेर आली. दोघी लाकडी बाकावर बसल्या. दार जाड होतं.

"ताई, तुम्हाला येतंय का ऐकू, आतलं?"

"नाही."

"खरंच?"

"खरंच नाही, वहिनी."

वहिनींनी हळूहळू बाही कोपरापर्यंत वर केली. जळलेली कातडी गुलाबी झाली होती. "उकडतंय फार," त्या म्हणाल्या आणि तो हात तसाच उघडा ठेवून बसल्या. थोड्या वेळानं शिपाई बोलवायला आला.

विमेवाल्याला अकरा वर्षांची शिक्षा झाली.