पाणीसुद्धा जिंकतं

मासळीच्या कारखान्यात तिला सगळे आकडेवाली म्हणत. माश्या मारायचं नवं औषध जुन्यापेक्षा सरस आहे का, हे कसं तपासायचं ते ठरवायचं काम तिच्याकडे होतं. नवं जिंकलं की गटाराची दुरुस्ती रद्द, असं वरून ठरलेलं. तुंबलेलं गटार होतं कापणीच्या दालनात, आणि तिथेच तिची वहिनी दिवसभर आतडी उपसत उभी. बाईच्या बोटांच्या बेचक्या सडल्या होत्या.

मॅनेजरने आपलाच आराखडा पुढे सरकवला. नवं औषध पॅकिंगच्या धुतल्या-पुसल्या खोलीत, जुनं कापणीच्या दालनात. महिनाभर चिकट कागद टांगायचे नि माश्या मोजायच्या; जिथे कमी, तिथलं औषध सरस. औषध विकणारा त्याचा साडू, हे कारखान्यातल्या मांजरालाही ठाऊक होतं.

आकडेवालीचा आराखडा वेगळा. दोन्ही औषधं दोन्ही ठिकाणी, कुठलं कुठे ते दर आठवड्याला चिठ्ठ्या टाकून.

एकही माशी मोजण्याआधी तिने दोन्ही आराखडे कागदावर चालवून पाहिले. दोन्ही बाटल्यांत नुसतं पाणी आहे असं धरलं. माश्यांचे आकडे गेल्या वर्षीच्या वहीतून उचलले. असं शंभर वेळा केलं. मग गेली मॅनेजरकडे.

"साहेब, तुमच्या रीतीत नव्या बाटलीतलं पाणीसुद्धा जिंकतं."

"किती वेळा?"

"शंभरपैकी शंभर."

"आणि तुझ्या रीतीत?"

"पन्नासेक वेळा. पाणीच ते, तसंच व्हायला हवं."

मॅनेजर खुदकन हसला. "मग बाई, पक्की रीत कुणाची? माझीच की! कर सही."

तो ओशाळेल असं वाटलं होतं तिला. तिने कागद ओढला, त्यावर ठळक लिहिलं, 'बाटलीत पाणी भरा, निकाल हाच येईल', आणि खाली सही ठोकली.

मॅनेजरने कागद टराटरा फाडला. "अतिशहाणी!" दुसरी प्रत काढून त्याने गोदामवाल्याला हाक मारली. गोदामवाल्याने वाचलंही नाही. "कुठं करू, साहेब?" एवढंच विचारलं, नि केली.

ती खाली कापणीत गेली. वहिनीने सगळं ऐकलं.

"म्हणजे गटार तसंच, वन्सं?"

"तसंच."

"आणि निकाल?"

"लागला. मोजणी सोमवारपासून."

वहिनी गटारात पचकन थुंकली. "माशी घाणीवर बसते, तिचं पोट आहे तिथे. या मेल्याला काय झालंय?"