वीतभर उंचीवर

मी बोलतोय, चार किलोंचा लोखंडी ठोकळा. एका उंच घड्याळाच्या लाकडी पेटीत तारेला लटकून असतो. लोक काट्यांकडे बघतात, लंबकाचं कौतुक करतात. त्यांना हलवतं कोण, हे कुणी विचारत नाही. मी हळूहळू खाली उतरतो म्हणून घड्याळ चालतं. आपली बढाई आपणच मारावी लागते, त्याला इलाज नाही.

माझा जन्म लेथवर झाला. मालक कारखान्यात टर्नर होते. जुन्या बाजारातून त्यांनी हे घड्याळ आणलं, तेव्हा त्याचं मूळ वजन हरवलेलं होतं. मग भंगारातला एक तुकडा त्यांनी कातून, घासून माणसात आणला. तो मी.

दर रविवारी सकाळी ते पेटी उघडून चावी फिरवायचे. दहा फेऱ्यांत मी मीटरभर वर जायचो. फेऱ्या मोजायचं काम मात्र त्यांच्या बायकोकडे. त्या शाळेत विज्ञान शिकवायच्या, म्हणून घरातही मालक त्यांना बाईच म्हणत. "किती झाल्या, बाई?" असं ते विचारायचे आणि स्वयंपाकघरातून आकडा यायचा. कधी बाई मुद्दाम एक कमी सांगायच्या. मग चावी अडायची आणि मालक कुरकुरायचे.

शिकवणीच्या मुलांना बाई मलाच दाखवायच्या. मला उचलताना जे काम झालं ते वाया जात नाही, माझ्यात साठून राहतं, तीच स्थितिज ऊर्जा. चार किलो, एक मीटर, म्हणजे साधारण चाळीस ज्यूल. मालकांनी ते मिनिटभरात भरलं, मी आठ दिवस पुरवून वापरतो. काम तेवढंच, शक्ती वेगळी. एकदा कुणीतरी विचारलं, दोघांनी मिळून उचललं तर कुणाची ऊर्जा किती ते ओळखायचं कसं? बाई म्हणाल्या, ऊर्जेवर कुणाचं नाव नसतं.

एका रविवारी मालकांनी चावी दिली आणि मंगळवारी ते कामावरून परत आलेच नाहीत. छातीत कळ आली, लेथपाशीच खाली बसले, एवढंच आलेल्या माणसांच्या बोलण्यातून कळलं. घर रडत होतं आणि मी उतरत होतो. बाई रोज पेटीसमोर येऊन बसायच्या. घड्याळ थांबवलं तर मालकांची टिकटिक जाणार, चालू ठेवलं तर त्यांच्या हातानं भरलेलं संपणार. बाईंच्यानं काहीच ठरवेना. मला फार वाईट वाटत होतं, पण उतरण्यावाचून मला दुसरं काही येत नाही.

शनिवारी सकाळी मी जमिनीपासून वीतभर उरलो. परगावाहून आलेल्या मुलानं ते पाहिलं. घड्याळ बंद पडलं तर आईला आणखी लागेल, म्हणून त्यानं चावी घातली. तिसऱ्या फेरीला बाई धावत आल्या.

"थांब. किती झाल्या?"

"तीन."

त्यांनी पेटीतल्या लाकडावर पेन्सिलीनं रेघ ओढली, माझ्यापासून बरोबर तीन फेऱ्यांइतकी खाली. "तुझ्या तीन उतरू देत. मग थांबवू. खालचं सगळं त्यांचं आहे."

मुलगा त्यांच्याच हाताखाली शिकलेला. हळूच म्हणाला, "आई, ऊर्जेवर नाव नसतं. तूच शिकवलंस."

"हो. परीक्षेत तेच लिहायचं."

सोमवारी संध्याकाळी मी रेघेपाशी आलो. बाईंनी दोन बोटांनी लंबक धरला. टिकटिक थांबली, आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदा त्या मोठ्यानं रडल्या.

त्याला आता बरीच वर्षं झाली. घड्याळात कायम साडेसहा वाजलेले असतात. दहा ज्यूल सांभाळत मी वीतभर उंचीवर लटकलोय. नुसतं लटकून राहण्याला शास्त्र काम म्हणत नाही, हे मीच इतक्या वेळा ऐकलंय. तरी यापेक्षा अवघड असं मी काही केलेलं नाही.

बाई थकल्यात. हल्ली साफसफाईला दुसरं कुणी ना कुणी येतं. तुम्ही आलात तर पेटी खुशाल उघडा, धूळ पुसा. फक्त लंबकाला धक्का लावू नका. मी लगेच उतरायला लागेन, आणि दोन दिवसांत मालक या घरातून पुरते निघून जातील.