डावीकडची खुर्ची

"आजारी पडलं की वाईट माणूस आपोआप चांगला होतो का?"

प्रश्न त्या शाळकरी पोरीचा स्वतःचाच होता, पण तो भर बैठकीत विचारायची पैज मैत्रिणींची. शाळेच्या मैदानावर गोलच्या जाळीला टेकून टॉवर आणि बटाटी या दोघींनी तिला डिवचलं होतं. एवढा बॉल अंगावर घेतेस, मग तोंड उघडायला काय जातं? हिंमत असेल तर त्या समुपदेशक ताईंना विचारून दाखव. आणि ही कसली मागे हटतेय. यंदा शाळेच्या संघाची गोलकीपर झाल्यापासून तिचे पाय जमिनीवर नव्हते. जिना उतरायची तो दोन-दोन पायऱ्या गाळत, आणि अंघोळ करताना असं गायची की शेजारच्या काकूंनी आवाज बारीक करायला सांगावं.

ती विचारून मोकळी झाली. गोल मांडलेल्या खुर्च्यांमधून दबकं हसू फिरलं. आईने तिच्या मांडीला असा चिमटा काढला की डोळ्यांत पाणी आलं.

लुळ्या पडलेल्या माणसांना पुन्हा चालायला शिकवणारं ते केंद्र. एरवी जिथे पेशंट दोन दांड्या धरून पाय ओढत, त्या हॉलमध्ये दर शनिवारी घरच्यांना आपापल्या पेशंटसह बसवत. ताईंचं म्हणणं साधं होतं. हे आपल्याच वाट्याला का आलं याचं उत्तर कुणाकडे नाही. आता कसं जगायचं हे मात्र विचारता येतं. देव मानत असाल तर देवाशी भांडा, नसाल मानत तर भिंतीशी भांडा, पण गिळून बसू नका. आणि एक गोष्ट त्या दर वेळी सांगत: आजार वेगळा, माणूस वेगळा.

"चांगला होत नाही," ताई न हसता म्हणाल्या. "वाईटही होत नाही. पण तू हे कुणाबद्दल विचारतेयस?"

पैज विचारण्यापुरतीच होती. चाकाच्या खुर्चीतून बाबा तिच्याकडे बघत होते.

बाबा गॅरेजमध्ये गाड्यांचे चेपलेले पत्रे ठोकून सरळ करायचे. दिवसभर हातोडा चालवून उजवा हात लोखंडासारखा झालेला, आणि घरी आल्यावरही तो थांबायचा नाही. जिन्यावरच्या बुटांच्या आवाजावरून मायलेकी ओळखायच्या, आज कुणाची पाळी आहे. एकदा त्यांनी आईचं तोंड बेसिनच्या कडेवर आपटलं. खालचा दात बेसिनमध्ये पडला, आणि पाणी सोडून रक्त धुता धुता आई लेकीला म्हणाली, तू अभ्यासाला बस. एकदा लेकीचा हात मागे पिरगाळून दारात धरून ठेवला होता, खांद्यातून कट् आवाज येईपर्यंत. बॉल कुठून येणार हे खेळाडूच्या खांद्यावरून ओळखायचं, असं सर संघातल्या मुलींना शिकवत, तेव्हा तिला नवीन असं काहीच वाटलं नव्हतं.

मग गेल्या हिवाळ्यात बाबा गॅरेजमध्येच कोसळले. मेंदूत गुठळी, डावी बाजू गेली. तेव्हापासून ते केंद्रात होते आणि घरात शांतता होती. आई संध्याकाळी पाय पसरून बसू लागली. ताट हातातून निसटलं तरी कुणी श्वास रोखून धरेना. दोघींना या सुखाची इतकी लाज वाटायची की त्यांनी एकमेकींपाशीही ते कबूल केलं नाही.

आणि सोमवारी बाबांना घरी सोडणार होते. ज्यांना पेशंट घरी नेणं झेपणार नाही त्यांच्यासाठी वरच्या मजल्यावर कायम राहायची सोय आहे, असं ताईंनी पहिल्याच बैठकीत सांगितलं होतं. तेव्हा आईने मान अशी खाली घातली होती, जणू कुणी तिला शिवी दिली. चार लोक काय म्हणतील? लुळ्या नवऱ्याला टाकलं म्हणतील.

केंद्रात तर बाबा सगळ्यांचे लाडके. सिस्टरला "बेटा" म्हणायचे, रडायचे, मी फार चुकलो म्हणायचे. आईला ते खरं असायला हवं होतं. खरं सांगायचं तर लेकीलाही.

"आज सगळ्यांनी या वहिनींकडे बघा," ताई म्हणाल्या. "पहिल्या दिवसापासून त्या नवऱ्याच्या डाव्या बाजूला बसतात. जी बाजू गेली तिला आधार द्यायला. न सांगता."

समोरच्या आजोबांनी टाळ्या वाजवल्या. त्यांच्या बायकोचे पायही गेले होते आणि स्मृतीही. ती त्यांना चावायची. उभ्या संसारात हिने कधी आवाज चढवला नाही आणि आता बघा, असं म्हणत ते बाही वर करून दातांचे वण मेडल दाखवावेत तसे दाखवत, आणि दुसऱ्या हाताने तिच्या तोंडाची लाळ पुसत.

आई टाळ्या ऐकून एवढीशी झाली.

"आज मात्र जागा बदलू," ताई म्हणाल्या. "उजवीकडे बसा. धडधाकट हात हातात घ्या. घरी जायच्या आधी दोघांनी एकमेकांना काय सांगायचंय ते सांगा."

राहू दे की, इथे बरी आहे मी, असं काहीतरी आई पुटपुटली. पण सगळे तिच्याकडे कौतुकाने बघत होते आणि कौतुकाला नाही म्हणायची सवय तिला कुठून असणार? तिने खुर्ची उचलली, चाकाच्या खुर्चीला वळसा घालून पलीकडे ठेवली आणि टोकावर बसली. बाबांनी तिचा हात हातात घेतला. त्यांचे डोळे भरून आले. एकीने पदराने नाक पुसलं.

"सोमवारी नेणार ना घरी?" बाबांनी जड जिभेने विचारलं.

आईला लगेच हो म्हणता आलं नाही. ती म्हणाली, "बघू."

लेकीने बाबांचा खांदा पाहिला. कळलं, पण ती दोन खुर्च्या लांब होती.

बाबांनी आईची बोटं मुठीत आवळली. बोटांची हाडं कडकडली. आई ओरडली नाही. ती कधीच ओरडायची नाही. तिला हिसका देऊन त्यांनी पुढे ओढलं, हात सोडला आणि त्याच हाताची मागची बाजू तिच्या तोंडावर हाणली. खुर्चीसकट आई आडवी झाली. तिने उठायला हात टेकला तसे त्यांनी केसच धरले आणि तिचं कपाळ खुर्चीच्या लोखंडी दांडीवर आपटलं. पुन्हा आपटलं. शिव्या तोंडातून लाळेसारख्या ओघळत होत्या.

लेक झेपावली. बॉलवर पडावी तशी पोटाने त्या हातावर पडली. कोपर बरगडीत बसलं, श्वास गेला, तरी तिने सोडलं नाही. एकेक बोट उलटं ओढलं, आणि शेवटचं निघेना तेव्हा दात रोवले. तोंडात रक्ताची चव आली. दोन मदतनीस धावत आले तोवर आई सुटली होती, पण तिच्या केसांचा झुपका बाबांच्या बोटांतच राहिला होता.

आजोबा हळूच म्हणाले, पोरी, मनाला लावून घेऊ नकोस, आजारामुळे होतं. त्यांच्या बायकोपुरतं ते खरंच होतं.

ओठावरचं रक्त पुसत आईनेही मान हलवली. "हो. आजारामुळेच."

"आजार हिवाळ्यात आला," लेक म्हणाली. आवाज मोठा होता. "आईचा दात त्याच्या आधीच पडलाय."

ताई जमिनीवर आईशेजारी बसल्या. मग त्यांनी हलकेच विचारलं, वहिनी, तुम्ही डावीकडे का बसायचात?

आईने लेकीकडे पाहिलं, बाबांकडे पाहिलं नाही.

"तिकडे त्यांचा हात पोचत नाही," ती म्हणाली.

ताईंनी डोळे मिटले. आजार वेगळा आणि माणूस वेगळा हे वाक्य मी आजोबांसारख्यांसाठी राखून ठेवायला हवं होतं, आणि इथे मी ते न विचारता वाटलं, असं त्या सगळ्यांसमोर म्हणाल्या. या सगळ्याचा अर्थ तुमचा तुम्हीच लावा, मी आता मध्ये येणार नाही. फक्त आज कुणीही एकटं घरी जायचं नाही, एवढं त्यांनी बजावलं.

बाबा रडायला लागले होते. झटापटीत त्यांच्या डाव्या पायातला बूट निघाला होता आणि ते पाऊल मेलेल्या माशासारखं खुर्चीच्या पायदानावर पडलं होतं. मी पांगळा माणूस, मला टाकणार तुम्ही, असं ते म्हणत होते. आणि लेकीला त्यांची दया आली. हेच सगळ्यात भयंकर होतं. मारणारा हात आणि ते गरीब पाऊल एकाच माणसाचं होतं, आणि दोन्ही खरे होते. दया आली म्हणून राग जाईना, राग होता म्हणून दया थांबेना.

तिने खाली बसून त्यांना बूट घातला, नाडी बांधली. आई "अगं, राहू दे" म्हणत होती. बाबा हुंदके देत "माझी शहाणी पोर" म्हणत होते. ती उठली, तोंडातलं रक्त हाताच्या पाठीने पुसलं आणि दोघांना दिसेल अशी मधोमध उभी राहिली.

"बाबा, सोमवारी तुम्ही घरी यायचं नाही. इथे वरच्या मजल्यावर राहायचं. मी शाळा सुटली की येत जाईन, तुम्हाला दांड्या धरून चालवीन, जेवू घालीन. पण आमच्या घरात तुम्ही पाऊल टाकायचं नाही. आणि आई, लोकांना काय सांगायचं याची तू काळजी करू नकोस. कुणी विचारलं तर सांग, माझ्या मुलीने ठरवलंय."