तळीचा पाचवा हात

मार्गशीर्षातल्या कोवळ्या उन्हाला आमच्या माणदेशात भंडाऱ्याचा रंग चढतो, असं मला लहानपणी वाटायचं; कारण त्या उन्हातच मी आजीचे तळहात पहिल्यांदा निरखून पाहिले. हळद त्यांच्या रेषारेषांत इतकी मुरली होती की राखेने भांडी घासली, शेणाने अंगण सारवलं, तरी तो पिवळेपणा उतरत नसे. ती जवळून गेली की हळद आणि चुलीचा धूर यांचा संमिश्र दरवळ मागे राही, आणि काकणांचा बारीक नाद त्याच्याही मागून रेंगाळत जाई.

तुम्ही दोघांनी तिला पाहिलेलं नाही. तुमच्या आजीलाही एक आजी होती, हे तुम्हाला फोनवर खरंच वाटत नाही. म्हणून हे नीट लिहून ठेवते आहे.

तिचे तीन मुलगे तीन दिशांना पांगले होते. थोरले, म्हणजे माझे वडील, सांगलीत शिक्षक. मधले काका मुंबईला गोदीत. धाकटे काका फौजेत. दहिवडीजवळच्या त्या घरात उरले होते ते आजोबा, फौजी काकांची बायको असलेली आमची काकी, चार शेळ्या आणि पुष्कळशी शांतता. वर्षभर ते घर ओढ्याच्या कोरड्या पात्रासारखं पडून असे. पाऊस पडो न पडो, आजीने देवाकडे पाऊस मागितलेला मी ऐकला नाही. तिचं मागणं एकच होतं: चंपाषष्ठीला तळी उचलायला घरातले पाच हात असावेत.

तळी म्हणजे तांब्याचं ताम्हन. त्यात भंडारा, खोबरं, सुपारी, विड्याची पानं. पाच पुरुषांनी ते चहूबाजूंनी धरायचं आणि खंडोबाच्या नावाचा येळकोट करत तीनदा उचलायचं. माणसं तेवढ्यापुरती जवळ येत, खांद्याला खांदा लागे, आणि आजी हातात निरांजन घेऊन बाजूला उभी राही. वर्षभराचा उजेड तिने त्या एका क्षणासाठी राखून ठेवलेला असावा, असा तिचा चेहरा त्या वेळी दिसे.

मी दहा वर्षांची होते, त्या साली फौजी काकांना रजा मिळाली नाही, आणि एरवी पाचवा हात लावणारे चुलत आजोबाही आदल्या वर्षी वारले होते. आजोबा, वडील, मधले काका. हात तीनच भरले. भरीत झालं, बाजरीचे रोडगे झाले, ऊन अंगणातून भिंतीवर चढलं.

आजोबा म्हणाले, "शेजारच्या दोघास्नी हाक मारू. देव काय नाव इचारत न्हाई."

"शेजारी जेवाय येऊ द्यात. तळीला घरचंच हात पायजेत." आजीने निरांजन खाली ठेवलं, काकीला आणि मला पुढे ओढलं. "धरा गं."

"आगं, बायामाणसांनी तळी उचलल्याली कवा बघितलीस का?"

"आवं, देव हात मोजतो, मिशा मोजत न्हाई."

वडील खळखळून हसले. मी मात्र अवघडून उभी होते. "आणि तू? विंग्रजी शाळंत तळी धराय शिकवत न्हाईत व्हय?" असं म्हणत तिने माझी बोटं ताम्हनाच्या काठाला लावून दिली. पुढे अनेक वर्षांनी माझ्या ध्यानात आलं की तिने सगळ्यांचे हात धरले, पण स्वतःचा हात कधी हिशेबात धरला नाही.

त्यानंतर हात कमी पडले की माझी जागा ठरलेली असे. कॉलेजच्या दुसऱ्या वर्षी मात्र स्नेहसंमेलनात एका इंग्रजी नाटकात मला काम मिळालं, आणि तालीम नेमकी चंपाषष्ठीला आली. फौजी काकांना त्याही वर्षी रजा नव्हती. आजीचा निरोप आला होता: "सुनंला धरून चारच हात भरत्यात, पोरीला म्हणावं ये." मी वडिलांबरोबर उलट निरोप धाडला की पुढच्या वर्षी नक्की.

तो दिवस मला काकीने नंतर सांगितला. जेवणं खोळंबली. विट्याकडून येणारी प्रत्येक एसटी फाट्यावर थांबून गेली. वडिलांनी दोनदा सांगितलं की ती यायची नाही. आजीने ऐकलं आणि पुन्हा रस्त्याकडे पाहिलं. सूर्य टेकडीला टेकला तेव्हा ती उठली, निरांजन खाली ठेवलं आणि आयुष्यात पहिल्यांदा स्वतः तळीला हात लावला.

"आई, तू?" मधल्या काकांनी विचारलं.

"ह्यो माजा न्हाई. ह्यो पोरीचा हाय," ती म्हणाली. "उचला."

पुढचा मार्गशीर्ष तिने पाहिला नाही. वैशाखात ती गेली. नाटकातले माझे संवाद मला आज एकही आठवत नाहीत. न पाहिलेली ती संध्याकाळ मात्र लख्ख दिसते, उतरत्या उन्हासकट.

आता तुमच्यातला एक टोरंटोला, एक मेलबर्नला. चंपाषष्ठीला सांगलीच्या या फ्लॅटमध्ये तुमचे आजोबा आणि मी, दोघंच असतो. कामांची यादी मी आदल्या दिवशीच करते, तुम्ही तिला हसता तीच. भरीत साडेअकराला तयार असतं, आणि मग यादीत न लिहिलेलं एक रिकामेपण जेवणापर्यंत घरभर पसरतं. या, असं मी तुम्हाला कळवत नाही. तुमच्या परीक्षा, तुमच्या नोकऱ्या मला पटतात. पटण्यासारखं कारण माझ्याजवळही होतंच. माणूस गेलं की त्याचं वय थांबतं, पण त्याने आपली वाट पाहण्यात घालवलेला वेळ थांबत नाही. तो मागून सावकाश चालत राहतो, आणि आपण म्हातारे होऊन जरा टेकलो की आपल्याला येऊन गाठतो.