करंटच्या पेटीचं गाणं

“हिलाबी कुंकू लावायचं न्हवं?” आईनं विचारलं.

“लाव की. ती काय परकी हाय व्हय?” अण्णा म्हणाले.

खंडेनवमीची सकाळ होती. दुकानातली हत्यारं धुऊन-पुसून पाटावर मांडली होती. सोल्डरिंग आयर्न, पक्कड, लहानमोठे स्क्रू-ड्रायव्हर, काटा अडकणारा जुना मीटर आणि अण्णांनी फौजेतून आणलेला चाकू. करंटची पेटी पाटावर मावेना, म्हणून ती शेजारी घडी घातलेल्या पोत्यावर बसवली होती. झेंडूची माळ मी तिच्या दोन्ही कडांना दोऱ्यानं बांधली होती.

आईनं ओलं कुंकू बोटावर घेतलं आणि पेटीच्या पट्ट्यांकडे बघत थांबली.

“समद्यांना लावू?”

“बास, एकीला लाव. बाकीच्यांना पोचतं.”

आईनं नेमकी मधली पट्टी निवडली. बोट जरा जास्तच भरलं होतं. फुलानं पाणी शिंपडलं ते वर आणखी. नारळ फुटला, आरती झाली. पेटीला जोडलेली बॅटरी अण्णांनी अजून सोडवली नव्हती. जाता जाता वासराच्या पाठीवरून फिरवावं तसं त्यांनी एक बोट पट्ट्यांवरून फिरवलं. सगळ्या वाजल्या, मधली गप्प राहिली.

“आवं, हात काढा. पूजा झाली न्हवं?” आई ओरडली.

अण्णांनी हात काढला. कुंकू आत उतरलं असणार हे त्यांनाही कळलं होतं, मलाही. पण उघडून पुसायचं तर स्क्रू-ड्रायव्हर हवा, आणि तो कुंकू लावून घेऊन पाटावर बसला होता. खंडेनवमीला पूजेतलं हत्यार उचलत नाहीत. दुसऱ्या दिवशी, दसऱ्याला उचलायचं.

“देवीनं एक सूर ठिवून घेतला म्हणायचं,” अण्णा हसले. “बघू उद्या.”

अण्णांचं नाव नाथाजी. मूळचे वडूजकडचे. पावसाच्या भरवशावरची चार एकर भावांना सोडून ते फौजेत गेले, सिग्नलमध्ये हवालदार झाले, आणि निवृत्त झाल्यावर इस्लामपुरात रेडिओ दुरुस्तीचं आणि लाऊडस्पीकरचं दुकान काढलं. पुढं दुकान, मागं दोन खोल्यांचं घर. माझे यजमानही फौजेतच, त्यांची बदली अशा ठिकाणी की कुटुंब नेता येत नव्हतं. मी माहेरी राहून नगर वाचनालयात पुस्तकं देण्याघेण्याचं काम करत होते.

पेटीची सुरुवात एका संध्याकाळी झाली. दुरुस्तीला आलेला एक मोठा रेडिओ तपासताना अण्णा शॉर्टवेव्हवर काटा फिरवत होते. खरखरीतून कुठलंतरी परदेशी स्टेशन वर आलं. त्यावर गाणं लागलं होतं, आणि त्यात एकही वाद्य ओळखीचं नव्हतं. ठेका घड्याळासारखा, कमी नाही, जास्त नाही. सूर लांबलचक, थंड, तारेतून आल्यासारखे. गाणारा बाबा त्यात जेमतेम बोलत होता. मी वाचनालयातून येऊन चपला काढत होते. अण्णांनी हातानं मला थांबवलं. दोन्ही चपला हातात धरून मी तशीच उभी राहिले. मग स्टेशन सरकलं आणि पुन्हा खरखर.

“यंत्र गातंय गं,” अण्णा म्हणाले. “पर यंत्र असून उदास हाय. कसं काय?”

मी हातातल्या चपला खाली ठेवल्या.

त्यांनी मिरजेहून एका मोडक्या बाजाच्या पेटीच्या पट्ट्या आणल्या. भाता काढून टाकला. रेडिओतले भाग, तारा, फळ्या जोडून वर्षभरात जे तयार केलं, त्याला वारा लागत नव्हता. लॉरीची बॅटरी जोडायची आणि आवाज भोंग्यातून काढायचा. पहिल्यांदा वाजली तेव्हा शेजारच्या सुलाबाई धावत आल्या. त्यांना वाटलं मांजर तारेला चिकटलं.

पेटी सुरात आणायला आणखी काही महिने गेले. हंबीररावांच्या बँडात तिला जागा मिळाली ती कौतुकानंच. वरातीत हातगाडीवर बॅटरी, बॅटरीशेजारी पेटी, पेटीमागं इस्त्रीच्या शर्टातले अण्णा. लोक वाकून आत कुणी बसलंय का ते बघायचे. पण तिच्यावर सिनेमातली गाणी वाजवून अण्णांचं समाधान होईना. ते म्हणायचे, हिचं स्वतःचं गाणं पाहिजे. हिच्याशिवाय दुसऱ्या कशावर शोभणार नाही असं.

ते गाणं त्यांनी रचायला घेतलं. रोज संध्याकाळी दुकानाची फळी अर्धी लावून ते वाजवायचे. डाव्या हाताच्या दोन बोटांनी तो घड्याळासारखा ठेका, उजव्या हातानं सूर. मी आत भाकरी थापत ऐकायची. वाजवून झालं की आतल्या दाराकडे तोंड करून विचारायचे,

“माले, जमलं का गं?”

“न्हाई अजून, अण्णा.”

“व्हय. मलाबी तसंच वाटतंय.”

आमच्यात एवढंच बोलणं व्हायचं. तेवढ्यानं ते खूश दिसायचे. आई म्हणायची, “बापाला एकदा तरी बरं म्हण की गं, तोंड झिजतंय?” पण बरं म्हणणारे त्यांना बाहेर पुष्कळ भेटायचे. मी खोटं बोलणार नाही म्हणून ते मला विचारत होते.

गाण्याची अडचण शेवटापाशी होती. ते सुरेख चालायचं, ऊस तोडून झालेल्या मोकळ्या रानातून कुणी एकटं चालत यावं तसं. शेवटी मधल्या पट्टीच्या ‘सा’वर परतलं की मात्र इतर कुठल्याही गाण्यासारखं व्हायचं. घरी आला, पाय धुतले, जेवायला बसला. मधे जे ऐकलं ते सगळं पुसून जायचं. अण्णांनी सा लांबवून बघितला, दोनदा वाजवून बघितला, बटण फिरवून आवाज हळूहळू कमी करून बघितला.

हंबीरराव दसऱ्याच्या चार दिवस आधी दुकानात आले होते. सोबत क्लॅरनेट वाजवणारा ज्योतिबा. शिलंगणाला देवाच्या पालखीपुढं हेच गाणं वाजवू द्या, असा अण्णांचा हट्ट चालला होता.

“आरं नाथाजी, गाणं म्हनतोस, आन शब्द कुठायत त्येला?”

“बँडात कवा शब्द असत्यात?”

“लोकांना ठावं असत्यात, गड्या. आपुन वाजिवतो, ते मनात म्हनत्यात.”

“मग हे बी ठावं हुईल की.”

“हुईल. पर थांबतंय कुठं ते? वैशाखातल्या वरातीत वाजिवलंस. नवरदेव दारात हुबा, सासू ताट घिऊन हुबी, आन तू आपला बटन फिरिवतोयस. घोडं लिद टाकून मोकळं झालं, पर तुजं गानं काय संपंना.”

ज्योतिबा हसून हसून खोकायला लागला. अण्णाही हसले. मग हंबीरराव जरा नरम झाले.

“सुरवात झ्याक हाय, खोटं कशाला बोलू. शेवट बसीव. बसला तर शिलंगणाला घिऊ. न्हाईतर पेटी हाय, सिनेमाची गानी हायत. तुजं गानं घरात वाजीव.”

म्हणून खंडेनवमीला पेटी गप्प बसवून ठेवणं अण्णांना जड जात होतं. एकच दिवस उरला होता आणि तोही हातचा गेला होता. ते दुकानात येरझाऱ्या घालत होते. आईनं त्यांना पुरण वाटायला बसवलं. अर्धं वाटून ते उठले. दुपारी जेवण झालं, पोळीवर तूप मागून घेतलं, आणि दुकानातल्या खाटेवर भिंतीला टेकून बसले. मी आत भांडी विसळत होते.

थोड्या वेळानं ठेका ऐकू आला. खाटेच्या लाकडी कडेवर डाव्या हाताची दोन बोटं. मग ते गुणगुणू लागले. शब्द नव्हतेच, नुसते सूर. उजव्या हाताची बोटं मांडीवर चालत असणार, कारण मधेच एखादा सूर चुकला की ते थांबून तेवढाच तुकडा पुन्हा घ्यायचे. गाणं त्या मोकळ्या रानातून निघालं. शेवटाकडे आलं. पाण्यातला हात मी तसाच थांबवला.

सा आला नाही. सकाळी जी पट्टी गप्प झाली होती तिच्या जागी अण्णाही गप्प राहिले. ठेका दोन वेळा पडला आणि तोही थांबला. माणूस दारापर्यंत आला होता, आतला उजेड त्याला दिसत होता, आणि तो तिथंच उभा राहिला होता.

माझ्या हातातली वाटी पाण्यात बुडाली.

त्यांनी विचारलं नाही. बहुतेक उद्या पेटीवर वाजवून विचारायचं, असं त्यांनी ठरवलं असावं. मलाही तेच योग्य वाटलं. गाणं पेटीचं होतं, तिच्यावर ऐकून मग सांगायचं. मी हात पुसून दाराशी गेले. ते डोळे मिटून बसले होते. चेहऱ्यावर, कुणाला न सांगता काही खिशात ठेवल्यावर असतं तसं हसू.

“पडतीस का जरा तूबी?” त्यांनी डोळे न उघडता विचारलं.

“भांडी व्हायचीत अजून.”

“चालू दे.”

दिवेलागणीला आई त्यांना आरतीसाठी उठवायला गेली. ते उठले नाहीत. डॉक्टर आले ते नुसतं सांगायला आले.

दसऱ्याला शिलंगण झालं. देवाची सेवा थांबत नाही. पालखी आमच्या रस्त्यानं यायची, तशी आली. लांबून बँड ऐकू येत होता. आमच्या गल्लीच्या तोंडाशी आल्यावर तो बंद झाला. मी आणि आई आत बसलो होतो. नुसती पावलं ऐकू आली, खूप पावलं, आणि पालखीच्या दांड्याची करकर. गल्ली ओलांडल्यावर बऱ्याच पुढं पुन्हा वाजायला लागला.

सुतकात दुकानातलं कुणी काही हलवलं नाही. पूजा जशीच्या तशी राहिली. झेंडू वाळून तपकिरी झाला, कुंकवाचा पापुद्रा झाला. येणारी माणसं पाटाला वळसा घालून आत यायची. यजमानांची तार आली, मग ते स्वतः चार दिवस येऊन गेले.

तेरावं झालं, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी हंबीरराव आणि ज्योतिबा आले. आईला भेटले. चहा घेतला. हंबीररावांनी कपबशी बाजूला सारली.

“वयनी,” हंबीरराव शेवटी म्हणाले, “तुळशीचं लगीन झालं की सुपाऱ्या लागतील. पेटी इथं धूळ खात ऱ्हान्यापरीस बँडात असंल तर नाथाजीचं नाव ऱ्हाईल. ज्योतिबा शिकंल वाजवायला. सिनेमाची गानी येत्यात त्येला.”

“न्या,” आई म्हणाली. “ठिवून मी काय करू?” मग माझ्याकडं वळून, “माले, पूजा तू उचल. त्येंची हत्यारं हायत, तुजा हात लागू दे.”

मी पाटाशी बसले. एकेक हत्यार कपाळाला लावून बाजूला ठेवलं. झेंडूची माळ सोडली. ज्योतिबानं खिशातून रुमाल काढून अंथरला, स्क्रू-ड्रायव्हर मागून घेतला आणि पेटी उघडली. मधल्या पट्टीखाली कुंकू सुकून बसलं होतं. त्यानं ते खरवडून, पुसून काढलं. लाल पूड त्यानं फेकली नाही, रुमालात बांधून आईकडे दिली. बॅटरी जोडली. बोट ठेवलं. मधला सा वाजला, स्वच्छ आणि लांब.

“झाली बगा तयार,” तो म्हणाला.

“हंबीरकाका,” मी म्हटलं, “त्यांच्या गाण्याचा शेवट बसलाय. नवमीला दुपारी.”

हंबीररावांनी माझ्याकडे पाहिलं. “तुला ठावं हाय?”

“ऐकलाय मी.”

“वाजिवता येतंय?”

मी कधी वाजवलं नव्हतं. घरात कुणी नसताना बोटं फिरवली होती तेवढीच. पण दोन वर्षं रोज संध्याकाळी ते गाणं माझ्या भाकरीवरून गेलं होतं. मी पोत्यासमोर मांडी घातली. डाव्या हाताची दोन बोटं ठेक्यावर ठेवली. सुरुवातीला ती अडखळली. ज्योतिबानं मांडीवर हलकी टाळी धरली आणि ठेका सरळ झाला. मग उजवा हात.

सुलाबाई दारात येऊन उभ्या राहिल्या. रस्त्यावरचा कुणी सायकल टेकवून थांबला. आई भिंतीला टेकून बसली होती, पदर तोंडाला. मी खाली बघून वाजवत राहिले. दोन ठिकाणी चुकले. अण्णा करायचे तसा तेवढाच तुकडा पुन्हा घेतला.

शेवट आला. सा तयार होता, माझ्या बोटाखाली, पुसलेला. बोट मी वर उचलून धरलं आणि खाली आणलं नाही. ठेका दोन वेळा वाजवून थांबवला.

भोंग्यातून बॅटरीची बारीक घूं ऐकू येत राहिली. ज्योतिबानं बरोबर आणलेलं क्लॅरनेट त्याच्या शेजारी होतं. त्याचा हात आपसूक त्याच्याकडे गेला. तो सा कुणीतरी भरायला पाहिजे असं त्याला वाटलं असणार. हंबीररावांनी त्याच्या मनगटावर हात ठेवला. सगळे वाट बघत होते. मग हळूहळू त्यांच्या ध्यानात आलं की आता काही यायचं नाही.

“असंच ऱ्हाऊ दे रं,” हंबीरराव ज्योतिबाला हळू म्हणाले. “असंच वाजवायचं.”

कोपऱ्यातली खाट आईनं उभी करून भिंतीला लावली होती. तिच्या कडेवर, जिथं दोन बोटं पडायची तिथं, लाकूड गुळगुळीत झालं होतं. मी तिकडं तोंड केलं.

“जमलं, अण्णा,” मी म्हटलं. “जमलं.”