माहिती देणारी बाई

ओढणीत रुतलेलं कुसळ निघता निघत नव्हतं. नखांनी ओढावं तर अर्धं तुटायचं, टोक आतच राहायचं – आणि जीपच्या पुढच्या सीटवरून साबळे सर विचारत होते, "रोहिणी, आता डावीकडेच ना?"

"हो सर."

डावीकडे निरवांगीचा माळ. उजवीकडे वळलं असतं तर तिचं घर.

तीन आठवड्यांपूर्वी, बारामतीच्या कॉलेजात, सरांच्या टेबलावर वाळक्या गवताच्या काड्या मांडलेल्या होत्या. माळावरच्या गवतांच्या संशोधनात त्यांना एम.एस्सी.ची एकच विद्यार्थिनी घ्यायची होती. शास्त्रीय नावं सगळ्याच जणींना आली. पण रोहिणी कुसळी, पवना, मारवेल असं म्हणत, मेंढरू कशाला कधी तोंड लावतं, कशाला फुलोरा आला की सोडून देतं, तेही सांगत सुटली. सरांनी चष्मा काढला. "हे कुठं शिकलीस?" आणि तेव्हा… आत्याच्या मागं मेंढरांत हिंडले, एवढंच तर म्हणायचं होतं. पण दाराशी वर्गातली सुकन्या उभी होती, इस्त्रीच्या ओढणीतली, आणि मी म्हणाले, "सुट्टीत फिरले सर. एका मेंढपाळ बाईंकडून माहिती घेतली." बाईंकडून! सर म्हणाले, "अशीच मुलगी हवी होती मला."

आज त्यांना त्या बाईंना भेटायचं होतं.

तानूबाई आत्या छपराखाली कोकराला पाजत बसली होती. जीपमधून उतरणारी रोहिणी दिसली तशी ती उठली, तिचा सगळा चेहरा उजळला – ते उजळणं रोहिणीनं पाहिलं, आणि आत्यानं तोंड उघडायच्या आत घाईघाईनं म्हणाली, "नमस्कार बाई. हे आमचे सर. मागं मी गवताचं विचारायला आले होते… आठवतंय ना?"

आत्यानं डोक्यावरचा पदर सारखा केला.

"व्हय, आठवतंय की. या, बसा सायेब. तुमी बी बसा, ताई."

ताई. तुमी. तापानं फणफणलेल्या मला पाठीशी बांधून ही इंदापूरच्या दवाखान्यापर्यंत चालत गेली होती, आणि वाटभर – डोळं उघड गं माजे बाय, डोळं उघड…

तासभर आत्या सांगत राहिली, रोहिणी वहीत उतरून घेत राहिली; त्यातलं एकही अक्षर तिला नवं नव्हतं. आत्याचं 'तुमी' एकदाही चुकलं नाही. निघताना सरांनी सहज विचारलं, "मुलंबाळं काय तुम्हाला?"

"मला न्हाय. भावाची पोर हाय. बारामतीला शिकती. लई हुशार हाय." हे सांगताना ती कोकराकडं बघत होती.

जीप हलली. "केवढं ज्ञान आहे या बाईंकडे," सर म्हणाले. "अहवालात त्यांचं नाव घालायलाच हवं. पूर्ण नाव काय त्यांचं?"

"विचारायचं राहिलं, सर."

किती सहज आलं ओठांवर. छातीत धडधडलंसुद्धा नाही, आणि तेच तिला भयंकर वाटलं.

"असू दे, पुढच्या वेळी विचार."

पुढच्या वेळी… आत्या उठून उभी राहील, पण चेहरा उजळणार नाही. ती आधी सरांकडं बघेल, मग रोहिणीकडं, आणि आज आपण कोण व्हायचं ते तिच्या तोंडावरून ओळखून घेईल. रोहिणीला ते इतकं लख्ख दिसलं की तिनं मान खाली घातली. "सर…" ती म्हणाली. जीपच्या घरघरीत ते त्यांना ऐकू गेलं नाही, आणि पुन्हा म्हणायचं की नाही, हे तिला कळेना.