ढगाळ हिवाळा

पृथ्वी काहीही विसरत नाही. आपण फक्त तिच्याकडे पुरेसा वेळ बघत राहिलं पाहिजे. हे वाक्य नोंदप्रमुखांनी स्वतः रचलं होतं आणि उपग्रह केंद्राच्या दर्शनी भिंतीवर पितळी अक्षरांत बसवून घेतलं होतं. बघत राहायचं काम एका हिवाळ्यात खुद्द त्यांच्याकडे होतं आणि त्या हिवाळ्यात ते टेबल टेनिस खेळत होते, ही गोष्ट मात्र कुठल्याच भिंतीवर नव्हती.

अडतीस वर्षं झाली त्याला; नोंदप्रमुख तेव्हा नवीन सहायक होते. उपग्रह दर अठरा दिवसांनी त्याच जागेवरून, सकाळच्या त्याच वेळी जायचा आणि खालच्या जमिनीचं चित्र केंद्रातल्या चुंबकीय फितीवर उतरायचं. सुट्या चित्राला फारसा अर्थ नसतो. एकाच जागेची चाळीस वर्षांची चित्रं ओळीनं लावली, की जंगल कुठे मागे सरकलं, नदी कुठे वळली, शहर कुणाच्या अंगावर चढलं, हे कुणालाही नाकारता येत नाही. पण हे शहाणपण नंतरचं. तेव्हा कळत होतं एवढंच, की फिती कमी आहेत. म्हणून नवीन सहायकानं प्रत्येक चित्राच्या छापील प्रतीवर शंभर चौकटींचा पारदर्शक कागद ठेवायचा, ढगांनी व्यापलेल्या चौकटी मोजायच्या आणि आकडा वहीत लिहून सही ठोकायची. आकडा ऐंशीच्या वर गेला, की फीत पुसून पुन्हा वापरात. चित्र स्वच्छ निघालं, तर चार पानी फॉर्म आणि तीन मजल्यांवरच्या तीन सह्या.

आणि पाच वाजले, की स्टोअरवाले खेळाचं टेबल अडवून बसत.

एका दुपारी सहायकानं समोरच्या लख्ख चित्राकडे पाहिलं, घड्याळाकडे पाहिलं आणि लिहिलं: ८७. आभाळ काही कोसळलं नाही. पुढच्या चित्राला ९१. संशय नको म्हणून मध्येच ८३. हिवाळा सरेपर्यंत त्याचा बॅकहँड बराच सुधारला होता.

निवृत्तीला पाच महिने उरले असताना एक संशोधक मुलगी धावतच त्यांच्या खोलीत आली. शहराच्या कडेच्या तळ्यावर तिचा प्रबंध चालला होता, शुक्रवारी सादर करायचा होता.

"सर, सापडलं! हे बघा, पावसाळ्यानंतरचं चित्र. तळं अख्खं आहे. आणि हे पुढच्या उन्हाळ्यातलं. पूर्वेचा पाव भाग गायब! मधल्या चार महिन्यांत सात चित्रं, सातही ढगाळ. असा हिवाळा ना आधी, ना नंतर."

"मग?"

"मग काय सर, अवकाळी पाऊस! डोंगरावरून गाळ आला आणि तळं भरलं. चौथं प्रकरण त्यावरच उभं आहे."

"पावसाची नोंद आहे?"

"पर्जन्यमापक नेमका त्या वर्षी दुरुस्तीला गेला होता. तुमच्या वहीशिवाय काहीच नाही. सातही ठिकाणी तुमची सही आहे, सर. काय अक्षर आहे हो तुमचं!" ती जरा लाजली. "प्रबंध तुम्हालाच अर्पण केलाय. 'ढगाळ दिवसांचीही नोंद ठेवणाऱ्यांना.'"

"छान," नोंदप्रमुख म्हणाले.

त्या हिवाळ्यात खेळाच्या खोलीचे पडदे ओढून घ्यावे लागत, कारण उन्हात चेंडू दिसत नसे. खिडक्या लावाव्या लागत, कारण तळ्याकडे मुरूम वाहणाऱ्या टिपरची धूळ आत येई. तळ्याच्या त्या पाव भागावर पुढे केंद्राची कर्मचारी वसाहत झाली. दुसरी इमारत, तिसरा मजला, डावीकडचं दार: नोंदप्रमुख पस्तीस वर्षं तिथेच राहत होते.

घरी त्यांनी बायकोला सगळं सांगितलं. ती भाजी चिरत होती, ती चिरतच राहिली.

"म्हणजे आपण तळ्यात राहतो?"

"तसं म्हणता येईल."

"तरीच म्हटलं, एवढे डास कुठून येतात." मग तिनं सुरी खाली ठेवली. "त्या पोरीला सांगणार आहात, की निरोप समारंभाचा हार आधी घालून घेणार आहात?"

हा विचार त्यांच्या मनात येऊन गेला होता. तो तिनं ओळखावा, याची त्यांना ढगांपेक्षाही जास्त लाज वाटली. रात्रभर कूस बदलून सकाळी त्यांनी दोन पानी कबुलीजबाब लिहिला आणि मुलीच्या टेबलाशी जाऊन, उभ्यानंच, तिला दिला.

तिनं तो दोनदा वाचला.

"सातही स्वच्छ होती?"

"बहुतेक. नीट पाहिली नाहीत मी."

"फिती?"

"पुसल्या."

"दुसऱ्या कुठल्या केंद्राकडे असतील?"

"या पट्ट्यात तेव्हा आपलाच एक अँटेना होता."

ती ओरडली असती तर बरं झालं असतं. तिनं पेनाला टोपण लावलं. "मग काल मला 'छान' का म्हणालात, सर?"

 ती कागद घेऊन तडक मार्गदर्शकांकडे गेली आणि चौथं प्रकरण काढून टाकते म्हणाली. मार्गदर्शकांनी नोंदप्रमुखांना बोलावून घेतलं. चष्मा कपाळावर सरकवून ते म्हणाले, "अडतीस वर्षांनी तुम्हाला ऊन आठवतंय. इकडे त्याच दिवशी केलेल्या, सहीनिशी सात नोंदी आहेत. मी काय धरू?"

"पण नोंदी माझ्याच आहेत. खोट्या आहेत."

"पुरावा?"

"मी."

"तुमच्यावर विश्वास ठेवता येत नाही, हे तुम्हीच दोन पानं लिहून दिलंय."

"अहो, शहरात कुणालाही विचारा, भराव घातला म्हणून सांगतील."

"सांगतील. प्रबंधात सांगोवांगी चालत नाही." त्यांनी कबुलीजबाबाची नीट घडी करून तो परत दिला आणि ते मुलीकडे वळले. "आणि बाई, शुक्रवारची तारीख चुकली, तर पुढची संधी वर्षानं. बघा बुवा."

तिनं बघितलं. नोंदप्रमुखांकडे मात्र बघितलं नाही.

प्रबंध शुक्रवारी सादर झाला आणि पुढे मान्यही झाला. अर्पणपत्रिकेचं पान तेवढं काढलं होतं. एकशेबाराव्या पानावरच्या नकाशात कर्मचारी वसाहतीची दुसरी इमारत नैसर्गिक गाळ म्हणून दाखवली आहे.